मोची ब्राउनीला ओढ येत नाही? आधी पीठ तपासा, ओव्हन नंतर

चिकट तांदळाच्या पिठाची चॉकलेट ब्राउनी, म्हणजे मोची ब्राउनी, आपल्या बेळगावात आता बऱ्याच घरांत होऊ लागलीय. टिळकवाडी, शहापूर, कॅम्पातून विचारणा होते, निपाणी-चिकोडीहून फोन येतात, आणि तक्रार फिरून एकच असते: "अक्का, व्हिडिओतल्यासारखी ताणलीच जात नाही बघा की." कुणाची भुगा होते, कुणाची मधे गिच्च राहते, कुणाची रात्री छान असते आणि सकाळी दाताने तुटत नाही. ही ब्राउनी मी घरच्यांसाठी आणि ऑर्डरीसाठी नेहमी करते. दुसऱ्यांच्या बिघडलेल्या ट्रेंचे फोटो आणि तुकडेही बघत असते. बहुतेक वेळा दोष पिठात निघतो. संशय मात्र पहिला ओव्हनवर जातो, मग नवा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) घेतला जातो आणि ब्राउनी तशीच राहते. म्हणून खालच्या तपासण्या आधी फुकटच्या, मग थोड्या खर्चाच्या आणि शेवटी त्रासाच्या अशा लावल्यात. त्याच क्रमाने जा, मधली गाळू नका.

लक्षणं

आपला तुकडा यांतल्या कशात बसतो ते आधी बघा.

तुकडा कापताना कडा सुटतात, खाताना रवाळ लागतो, बोटांनी ओढला की न ताणता तुटतो. चव चॉकलेट केकची, तीही कोरड्या केकची. हे पिठाचं लक्षण आहे. ओव्हनचा इथे काही संबंध नाही.

वरून पापुद्रा आलाय, कडा सुटल्यात, पण मधे सुरी घातली की ओला लगदा निघतो, टाळूला चिकटतो, कच्च्या पिठाचा वास येतो. ही कच्ची राहिलीय, किंवा गरम असतानाच कापलीय. दोन्ही दिसायला सारखंच दिसतं, त्यामुळे इथे फसगत फार होते.

तळाला घट्ट रबरी थर आणि वर हलका, जरा तेलकट थर, असे दोन वेगळे थर दिसले तर पीठ भांड्यात खाली बसलं होतं.

पहिल्या दिवशी उत्तम, दुसऱ्या दिवशी कडक आणि खडूसारखी फिकट: साठवण चुकली.

ओव्हनमध्ये फुगून वर आली आणि बाहेर काढल्यावर खोल खड्डा पडला: बेकिंग पावडर जास्त झाली, किंवा मिश्रण फेटून हवा भरली गेली. थंड होताना मधे थोडीशी बसणं मात्र या पदार्थाचा स्वभावच आहे, त्याची काळजी करू नका.

ताडून बघायला एक माप

तुमची कृती वेगळी असू शकते, पण तुलनेला काहीतरी हाताशी हवं. 8 इंची चौकोनी ट्रेसाठी मी 225 ग्रॅम चिकट तांदळाचं पीठ, 200 ग्रॅम साखर, 35 ग्रॅम कोको, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ, 400 मिली नारळाचं दाट दूध, 60 ग्रॅम लोणी, 120 ग्रॅम डार्क चॉकलेट आणि 2 अंडी घेते. 175 अंशांवर 50 ते 60 मिनिटं. अंडं न चालणाऱ्या घरांसाठी अंड्यांच्या जागी 100 ग्रॅम ताजं दही. अंडं नसलं तरी ही ब्राउनी उभी राहते, कारण तिला आकार पिठातला स्टार्च देतो. आपल्याकडे निम्म्या ऑर्डरी बिनअंड्याच्याच असतात, आणि त्या ऑर्डरी घ्यायला मी कधी कचरत नाही.

हा प्रकार हवाईतल्या बटर मोचीच्या जवळचा. तिथे गेलेल्या जपानी लोकांच्या मोचीत, म्हणजे चिकट तांदळाच्या ताणल्या जाणाऱ्या गोळ्यांत, नारळाचं दूध आणि लोणी आलं आणि ती ट्रेमध्ये भाजली जाऊ लागली. हे सांगायचं कारण एवढंच, की तिला केकच्या नियमांनी तपासलं तर प्रत्येक वेळी निकाल चुकीचा येतो.

पहिली तपासणी: थंड झाली होती का?

खर्च शून्य. ट्रे बाहेर काढल्यावर निदान दोन तास, जमलं तर तीन तास हात लावू नका. भाजताना स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात. गरम असताना तो नुसता सैल खळ असतो. निवताना तो आवळतो आणि मग ओढ येते. पंधरा मिनिटांत कापलेली ब्राउनी पूर्ण शिजलेली असली तरी कच्चीच वाटते. ती परत ओव्हनमध्ये गेली की कडा वाळतात, आणि मग तक्रार येते की मधे गिच्च आणि बाहेर कडक. असं सांगणाऱ्यांना मी आधी विचारते, कापली कधी? अर्ध्या वेळा गोष्ट तिथेच मिटते.

टूथपिक घालून बघायची सवयही इथे उपयोगाची नाही. मोची ब्राउनीत घातलेली काडी कोरडी कधीच येत नाही. काडीला चिकट, काळपट कण लागले तर चालतं, पातळ ओलं मिश्रण लागलं तर ती कच्ची. ज्यांच्याकडे स्वयंपाकाचा टोचायचा थर्मामीटर आहे त्यांनी मधोमध 95 अंशांच्या आसपास बघावं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहे. इथे पाणी 97-98 अंशांतच उकळतं, त्यामुळे आकडा 100 पर्यंत चढेल म्हणून वाट बघत बसू नका, तोवर कडा वाळून जातील.

दुसरी तपासणी: पाकीट वाचा

हीही फुकटची, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. पाकिटावर नुसतं 'राइस फ्लोअर' लिहिलंय की 'ग्लुटिनस राइस फ्लोअर' किंवा 'स्वीट राइस फ्लोअर'? थाई एरावान कंपनीची पाकिटं ऑनलाइन सर्रास मिळतात. त्यांत लाल छपाईचं पाकीट साध्या तांदळाच्या पिठाचं आणि हिरव्या छपाईचं चिकट तांदळाच्या पिठाचं. दोन्हींवर हत्तीचं चित्र, आकार सारखा, त्यामुळे घाईत लाल पाकीट घरी येतं. सुट्या पिठाच्या बाबतीत तर दुकानदारालाही फरक ठाऊक असेलच असं नाही. "मोदकाचं चालतंय की" म्हणून तो जे बांधून देतो ते मोदकाचंच पीठ असतं.

का चालत नाही ते सांगते. तांदळाच्या स्टार्चमध्ये दोन घटक असतात. अमायलोज हा सरळ लांब धाग्याचा, आणि अमायलोपेक्टिन हा वडाला फुटाव्यात तशा फांद्या फुटलेला. साध्या तांदळात अमायलोज साधारण 15 ते 30 टक्के असतं. चिकट तांदळात ते जवळजवळ नसतंच, सगळा स्टार्च अमायलोपेक्टिनचा. अमायलोजचे सरळ धागे निवताना एकमेकांना घट्ट बिलगतात, त्यामुळे पदार्थ ताठ आणि तुटका होतो. फांद्यांचं अमायलोपेक्टिन तसं चटकन बिलगू शकत नाही, ते पाणी धरून ठेवतं आणि ताणलं जातं. येळ्ळूर भागातला बासमती शिजल्यावर शीत शीत मोकळा राहतो, तो या अमायलोजमुळेच. पुलावाला तो गुण, ब्राउनीला तोच दोष.

मग इंद्रायणी चालेल का, आंबेमोहोर चालेल का, असं हमखास विचारलं जातं. हे तांदूळ शिजल्यावर एकमेकांना धरतात खरे, पण त्यांत अमायलोज आहेच. त्यांच्या पिठाची ब्राउनी बासमतीच्या पिठापेक्षा मऊ होते, मोची मात्र होत नाही. खानापूरकडच्या घरच्या तांदळाचंही तेच. त्याची उकड काढा, मोदक करा, सुंदर होतात. या एका पदार्थासाठी तो हट्ट सोडा. साबुदाण्याच्या पिठाने ओढ येते, पण ती रबरी असते आणि निवल्यावर लवकर घट्ट होते. मैदा अर्धा घालून भागवायचा सल्लाही फिरत असतो. त्याने साधी ब्राउनी होते, तीही बरी नाही.

आपल्या देशातही चिकट तांदूळ पिकतो. आसामचा बोरा आणि मणिपूरचा काळा, सुवासिक चाक-हाओ हे त्यातले. चाक-हाओला 2020 मध्ये जीआय मानांकनही मिळालं. तो दळून चॉकलेटच्या ब्राउनीत घातला तर रंग आणि वास दोन्ही खुलतात. मला तर ती जोडी परदेशी पिठापेक्षा जास्त आवडते. दळायचं कसं ते पुढे येतंय.

तिसरी तपासणी: पीठ खोटं बोलतंय का?

पाकिटावर बरोबर लिहिलंय, तरी शंका आहे. किंवा पीठ डब्यात ओतलंय आणि पाकीट फेकलंय. अशा वेळी दोन चाचण्या.

एक चमचा पिठात कोमट पाणी थेंबथेंब घालून सुपारीएवढी गोळी करा, उकळत्या पाण्यात सोडा. ती वर तरंगल्यावर आणखी दोन मिनिटं ठेवून काढा आणि थंड पाण्यात बुडवा. चिकट तांदळाची गोळी चकचकीत, अर्धपारदर्शक होते आणि दोन बोटांत धरून ओढली की लांबते. साध्या पिठाची गोळी पांढरीफट्ट राहते, ओढली की मधे तुटते, कधी पाण्यातच विरघळून जाते.

दुसरी चाचणी आयोडीनची, तिला औषधाच्या दुकानातली जखमेवर लावायची पोव्हिडोन आयोडीनची छोटी बाटली पुरते. अर्धा चमचा पीठ अर्ध्या कप पाण्यात घालून पातळ पेजेसारखं शिजवा, पूर्ण थंड करा. आयोडीनचे दोन थेंब दोन चमचे पाण्यात पातळ करून त्यातला थेंब या पेजेवर टाका. साध्या तांदळाची पेज गडद निळी-काळी होते. चिकट तांदळाची तांबूस तपकिरी होते. अमायलोजच्या सरळ धाग्याचे वेटोळे आयोडीनला पोटात घेतात आणि निळा रंग दाखवतात. फांद्यांच्या अमायलोपेक्टिनला तेवढे लांब वेटोळे पडत नाहीत, म्हणून तो लालसर राहतो. शेजारी घरच्या तांदळाच्या पिठाची पेज ठेवून बघा, मग डोळ्यांना शंका उरत नाही. चाचणीची पेज टाकून द्या आणि ती वाटी-चमचा नीट घासा. पोटात जायची ती गोष्ट नाही.

तांबूस रंग आला, गोळी ताणली गेली, म्हणजे पीठ निर्दोष. आता पुढे चला. निळा आला तर इथेच थांबा. यापुढची एकही तपासणी तुमच्या उपयोगाची नाही, पीठ बदला.

चौथी तपासणी: काटा

वाटीने मोजलेलं पीठ दाबून भरलं की भुरभुरून भरलं, यात बराच फरक पडतो. हे पीठ पाणी फार पितं, त्यामुळे 30-40 ग्रॅमचा फरकही तुकड्यात जाणवतो. साधा डिजिटल काटा घ्या. तो पुढे सगळ्याच कामाला येतो.

साखरेबद्दल मात्र थोडं थांबून सांगावं लागेल. "आमच्यात गोड कमी खातात" म्हणून साखर निम्मी करतात आणि मग दुसऱ्या दिवशी कडक झाली म्हणून सांगतात. साखर इथे गोडीइतकंच दुसरं काम करते. ती पाणी धरून ठेवते आणि स्टार्चला परत आवळू देत नाही. 200 ची 160 ग्रॅम करा, त्याखाली जाऊ नका. गोडी कमी हवी तर जास्त कडू चॉकलेट वापरा. आपल्या उसाच्या पट्ट्यातला गूळ घालायचा मोह होतो, आणि चव खरोखर छान येते. फक्त निम्मी साखर आणि निम्मा गूळ असं करा, गूळ कोमट नारळाच्या दुधात विरघळवून गाळून घ्या आणि भाजायची वेळ पाच-सात मिनिटं वाढवा, कारण गुळात ओल जास्त असते.

कोको वाढवला तरी तुकडा कोरडा पडतो, कोको पाणी शोषतो. आणि चॉकलेटचं वेष्टन वाचा. बेकरी सामानाच्या दुकानात स्वस्त मिळतं ते बहुधा कंपाउंड असतं. त्यात कोको बटरच्या जागी वनस्पती चरबी असते आणि निवल्यावर ती तुकडा घट्ट करते. घटकांत कोको बटर लिहिलेलं चॉकलेट घ्या.

पाचवी तपासणी: मिश्रण

थर पडत असतील त्यांनी हे नीट वाचावं. हे मिश्रण केकच्या मानाने फार पातळ, ओघळणारं असतं, आणि पीठ त्यात विरघळत नाही, नुसतं तरंगतं. भांडं दहा मिनिटं बाजूला ठेवलं की पीठ तळाला बसतं. ओव्हन तापवायला लावा, मग मिश्रण करा, आणि ट्रेमध्ये ओतायच्या क्षणी तळापासून पुन्हा ढवळा. ओव्हन मागाहून सुरू केला आणि तोवर मिश्रण वाट बघत राहिलं, की रबरी थर ठरलेला.

दुसरी गोष्ट थंडीची. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सकाळी चांगलाच गारठा असतो. त्या गारठ्यातलं किंवा फ्रीजमधलं नारळाचं दूध वितळलेल्या लोणी-चॉकलेटवर ओतलं की त्याच्या गोळ्या होतात आणि तूप वेगळं होऊन वर येतं. दूध, दही, अंडी सगळं आधी बाहेर काढून ठेवा, दूध बोटाला कोमट लागेल इतकं गरम करा. घरी नारळ खवून काढत असाल तर पहिलं दाट दूधच घ्या, दुसऱ्या पाण्याचं घेतलं तर स्निग्धांश कमी पडतो आणि मिश्रण पाणचट होतं.

या पिठात गव्हातलं ग्लुटेन नाही, त्यामुळे जास्त ढवळल्याने ते चामट होईल ही भीती नको. गुठळी मोडेपर्यंत निर्धास्त ढवळा, हवं तर गाळून घ्या. फक्त यंत्राने फेटू नका, हवा शिरते आणि मग तो खड्डा पडतो. कुणी कुणी कुंदा, म्हणजे आपली बेळगावची खव्याची मिठाई, मिश्रणातच मिसळतात. तो तळाला जाऊन बसतो आणि तिथे करपतो. कुंदा हवाच असेल, आणि बेळगावात तो हवासा वाटणारच, तर निवलेल्या तुकड्यावर वरून घाला.

सहावी तपासणी: ट्रे

मिश्रण अडीच ते तीन सेंटिमीटरपेक्षा उंच नको. 6 इंची केकच्या डब्यात हेच माप ओतलं तर कडा पूर्ण वाळल्या तरी मधला भाग शिजत नाही. पातळ ॲल्युमिनियमचा ट्रे सगळ्यांत चांगला. काचेचा उशिरा तापतो, काळ्या नॉनस्टिकमध्ये कडा लवकर कडक होतात. ट्रे मधल्या खणात, वरखाली दोन्ही रॉड सुरू. पहिली 35 मिनिटं दार उघडू नका.

सातवी तपासणी: ओव्हनचं खरं तापमान

आता खर्चाची पाळी, तरी तो थोडाच आहे. ओव्हनमध्ये जाळीवर ठेवायचा छोटा थर्मामीटर आणा. ओटीजीच्या बटणावर 175 लिहिलंय म्हणजे आत 175 आहे असं नसतं, 20-30 अंशांचा फरक सहज निघतो. रिकामा ओव्हन 175 वर वीस मिनिटं तापवून बघा, मग आणखी वीस मिनिटांत दोन-तीनदा काचेतून आकडा वाचा. तो थोडा वरखाली होणारच, थर्मोस्टॅट रॉड बंद-चालू करत असतो. सरासरी धरा आणि बटण तेवढं पुढे-मागे करा. याच वेळी वरखालचे सगळे रॉड मंद लाल होतात का तेही बघा. एखादा काळाच राहिला तर तो गेलाय.

आठवी तपासणी: व्होल्टेज

आपल्या भागातल्या बऱ्याच घरांत खरा गुन्हेगार हा असतो, विशेषतः गावाकडे. उसाला पाणी द्यायच्या वेळी पंप सुरू झाले की व्होल्टेज उतरतं. संध्याकाळी शहरातही उतरतं. पंखा मंद झाला, ट्यूब लुकलुकली, की समजून घ्या. रॉडची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. 230 चे 190 झाले तर व्होल्टेज 17 टक्क्यांनी उतरतं, पण उष्णता सुमारे 32 टक्क्यांनी घटते. थर्मोस्टॅट रॉड जास्त वेळ चालू ठेवून थोडंफार सावरून घेतो, पण दार उघडल्यावर किंवा थंड ट्रे आत गेल्यावर ओव्हनला पुन्हा तापायला फार वेळ लागतो, आणि तेवढ्यात ट्रेची मधली जागा कच्ची राहते. म्हणूनच "सकाळी केली तर होते, संध्याकाळी होत नाही" असं कुणी सांगितलं की मी पिठाबद्दल विचारतच नाही.

घरात स्टॅबिलायझर असेल तर त्यावरचा आकडा बघा, नसेल तर सॉकेटमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर मिळतो. मल्टिमीटरच्या उघड्या सुया सॉकेटमध्ये घालायचा उद्योग सवय नसलेल्यांनी करू नये. आणि ओटीजी कुठल्या सॉकेटला लावलाय? 1500 वॅटचा ओव्हन साडेसहा अँपिअर ओढतो, 2000 वॅटचा जवळजवळ नऊ. तो 6 अँपिअरच्या सॉकेटवर किंवा बारीक वायरीच्या एक्स्टेंशन बोर्डवर चालवू नका. व्होल्टेज तिथेही पडतं आणि वायर तापते. 16 अँपिअरचा सॉकेट, थेट भिंतीतला.

व्होल्टेज सुधारणं आपल्या हातात नाही. त्यावर दोन उपाय: पहाटे किंवा सकाळी भाजा, नाहीतर वाफवा. वाफवलेली मोची कमअस्सल असते असं मला मुळीच वाटत नाही. वरचा कुरकुरीत पापुद्रा मिळत नाही, पण ओल उडत नसल्यामुळे ओढ उलट जास्त येते. निम्मं माप, तूप लावलेला छोटा डबा, दोन सेंटिमीटर उंची. मोदकपात्रात किंवा इडलीपात्रात झाकणाखाली कापड बांधून 40-45 मिनिटं, म्हणजे वाफेचं पाणी वर ठिबकत नाही. मधे पाणी आटत नाही ना एवढं बघा. कुकरमध्ये करायचं तर शिट्टी काढून ठेवा. आणि मीठ घालून कोरडा तापवलेला कुकर वापरणार असाल तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढायलाच हवेत.

नववी तपासणी: दळण

चिकट तांदूळ आणून गिरणीतून दळणाऱ्यांसाठीच. मोदकाच्या पिठीसारखंच करायचं: तांदूळ धुऊन, चार-पाच तास भिजवून, निथळून, सावलीत कापडावर सुकवून, किंचित दमट असतानाच दळा. कोरडा दळला तर कण जाड राहतात, दळताना स्टार्चला इजा होते आणि तो पाणी जास्त पितो, मग तुकडा रवाळ लागतो. गिरणीवाल्याला साध्या तांदळाच्या घाण्यानंतर लगेच दळायला सांगा आणि पहिलं मूठ-दोन मूठ पीठ वेगळं काढा. मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळा. हे दमट पीठ टिकत नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही. दोन-तीन दिवसांत संपवा किंवा फ्रीझरमध्ये ठेवा.

दुसऱ्या दिवशी कडक होते तेव्हा

इथे दोष करण्यात नाही, ठेवण्यात आहे. शिजलेला स्टार्च हळूहळू पुन्हा आवळतो आणि पाणी बाहेर टाकतो. हे फ्रीजच्या 4-5 अंशांच्या आसपास सगळ्यांत वेगाने होतं. बाहेर ते सावकाश होतं आणि फ्रीझरमध्ये जवळपास थांबतं. म्हणजे सगळे ठेवतात ती जागाच सगळ्यांत वाईट. निवलेले तुकडे हवाबंद डब्यात बाहेर ठेवा आणि त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी संपवा. एप्रिल-मेच्या उकाड्यात आणि पावसाळ्याच्या दमटपणात त्याच दिवशीच, नारळाचं दूध आणि अंडं आहे त्यात. उरलेले एकेक तुकडे गुंडाळून थेट फ्रीझरमध्ये घाला.

कडक झालेला तुकडा वाया गेला असं नाही. मायक्रोवेव्हमध्ये 15-20 सेकंद, किंवा मोदकपात्रात तीन-चार मिनिटं वाफ, आणि तो पुन्हा मऊ होतो, ओढही परत येते. एकदाच, आणि लगेच खायचा. आंबूस वास येत असेल किंवा बोटांना बुळबुळीत तार लागत असेल तर मात्र गरम करून बघू नका, टाका.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

ओव्हनच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या किंवा झटका जाणवला, प्लग किंवा सॉकेट काळवंडलंय, जळक्या प्लास्टिकचा वास येतो, ओव्हन लावला की एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडतो: त्याच क्षणी बंद. सॉकेट गरम असेल तर प्लगला हात न लावता आधी एमसीबी खाली करा. इलेक्ट्रिशियनने अर्थिंग आणि वायरिंग तपासेपर्यंत तो ओव्हन वापरू नका. एमसीबी पडतोय म्हणून जास्त अँपिअरचा बसवून घेणं हा उपाय नाही, त्याने वायर जळते.

घरातला एक दिवा अचानक प्रखर आणि दुसरा मंद होत असेल, किंवा जड यंत्र सुरू केल्यावर दिवे उलट उजळत असतील, तर न्यूट्रल (विजेच्या परतीची तार) सैल झाल्याचा संशय घ्या. मेन स्विच बंद करा आणि वीज खात्याच्या लाईनमनला कळवा. ब्राउनीच काय, टीव्ही-फ्रीजही त्यात जातात.

कुणी सीलिअ‍ॅकचा रुग्ण (ज्याला गव्हातलं ग्लुटेन सोसत नाही) ग्लुटेनमुक्त म्हणून ऑर्डर देत असेल आणि पीठ गावच्या गिरणीतलं असेल, तर नाही म्हणा. त्याच जात्यावर गहू दळलेला असतो. आपल्या नियमांत ग्लुटेनमुक्त म्हणायला किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं, आणि ते डोळ्यांनी कळत नाही, प्रयोगशाळेतच कळतं.

आणि रॉड लाल होत नाही, किंवा थर्मामीटरचा आकडा 40-50 अंशांनी वरखाली उड्या मारतोय, तर ओव्हन उघडून बसू नका. दुरुस्तीवाल्याला बोलवा आणि नुसतं "नीट भाजत नाही" असं सांगू नका. कुठला रॉड काळा राहतो, बटण 175 वर असताना थर्मामीटर किती दाखवतो, त्या वेळी व्होल्टेज किती होतं आणि ओव्हन कुठल्या सॉकेटवर आहे, हे चार आकडे-खुणा कागदावर लिहून त्याच्या हातात द्या. थर्मोस्टॅट गेलाय की रॉड, ते त्याला त्यावरून लगेच उमगतं, आणि गरज नसलेला भाग बदलला जात नाही.